पाहुणीचा पांढरा बिल्ला

"मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यातल्या एकालाही पटणार नाही. पटलं, तर माझे उरलेले चार दात मी इथेच या बाकावर काढून ठेवीन."

एवढं बोलून मी हातातला दारूचा कागदी खोका हलवायला घेतला. मक्याची दारू हलवल्याशिवाय पिऊ नये, पीठ तळाला बसतं. दुपारचे तीन वाजले असतील. बीअर हॉलच्या पडवीतून तांब्याच्या खाणीच्या नंबर सहा शाफ्टचा लोखंडी मनोरा दिसतो. वरचं चाक तीन वर्षांपासून फिरलेलं नाही, पण आम्ही म्हातारे अजून त्याच्याकडे तोंड करूनच बसतो. सायकली दुरुस्त करणारा लोम्बे म्हणाला, "शिकुलू, तुमचे दात घेऊन मी काय करू? त्यांनी माझ्या ट्यूबला पंक्चरसुद्धा व्हायचं नाही." सगळे हसले. शिकुलू म्हणजे आजोबा. माझं नाव कापासा, पण ते आता फक्त दवाखान्याच्या कार्डावर उरलंय.

पायरीवर बा ना म्विला भाजलेल्या शेंगांची पाटी घेऊन बसली होती. म्विलाची आई म्हणून बा ना म्विला. चौदा वर्षं ती माझ्या हाताखाली लॅम्प रूममध्ये होती. खाली उतरणाऱ्यांच्या डोक्यावरचे दिवे पुसायचे, चार्जिंगला लावायचे, हे तिचं काम. फार बोलत नाही.

मग मी सांगायला लागलो.

नंबर सहा किती खोल होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अगदी तळाच्या लेव्हलला जमिनीला कान लावला, तर जगाच्या पलीकडच्या बाजूचे कोंबडे आरवताना ऐकू यायचे. आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे पहाट. उष्मा असा की कच्च्या शेंगा खिशात घालून उतरलेला माणूस वर येताना भाजलेल्या शेंगा खात यायचा. बा ना म्विलाचा धंदा तेव्हा बसला असता. आणि उंदीर. उंदीर इतके शिकलेले की सुरुंगाचा भोंगा व्हायच्या आधी दहा मिनिटं माणसांना वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्यापाशी येऊन रांगेत उभे राहायचे, म्हातारे पुढे, पोटुशा उंदरिणी त्यांच्या मागे. माणसांनी रांग मोडली तर घोट्याला चावायचे.

"हे खरंय," लोम्बे म्हणाला. "माझ्या काकाला चावलेला."

या शाफ्टच्या तोंडाशी, लॅम्प रूमच्या खिडकीशेजारी एक मोठा फळा होता आणि त्या फळ्याचा मी राजा होतो. फळ्यावर सहाशे खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर, प्रत्येक नंबराचे दोन पितळी बिल्ले. खाली जाणाऱ्याने एक बिल्ला गळ्यात घालायचा, दुसरा खिळ्याला लटकवायचा. वर आला की दोन्ही माझ्याकडे परत. खिळ्याला बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस अजून खाली आहे, आणि तो वर येईपर्यंत सुरुंग उडवायचा नाही. शिफ्ट संपली की मी फळा बघून मोठ्या वहीत लिहायचो: अमुक नंबर, एक शिफ्ट. माणसाने खाली किती घाम गाळला हे कोणी विचारत नसे. वहीत काय आहे ते विचारत.

फळ्याच्या कोपऱ्यात दहा खिळे वेगळे होते. त्यांना नंबर नव्हते. त्यांचे बिल्ले पांढऱ्या पत्र्याचे, पाहुण्यांसाठी. कधी मंत्री यायचे, कधी बँकवाले, कधी कॅमेरा घेतलेली माणसं. पाहुण्यांची नावं मी एका पातळ कागदाच्या लहान वहीत लिहायचो. महिना संपला की ती वही कोणी मागायला येत नसे.

आता तिच्याकडे येतो.

ज्या वर्षी कंपनी तिसऱ्यांदा विकली गेली त्या वर्षी, जून महिन्यातल्या एका गारठलेल्या सकाळी, तिसाउके जेरे माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. किटवेच्या विद्यापीठातून खाणीची इंजिनिअर होऊन आलेली, वय सत्तावीस, पुरुषी मापाचा ओव्हरऑल हातापायाशी चार-चार वेळा दुमडलेला, हातात नेमणुकीचं पत्र. आमच्या शाफ्टखाली पगारावर उतरणारी पहिली बाई. तिच्यामागे रांगेत साठ पुरुष, आणि एकही बोलत नव्हता. खाणीत साठ पुरुष गप्प उभे असले की पुढे काहीतरी विपरीत होतं. बाई खाली गेली की तांबं लपून बसतं, हे आम्हाला आमच्या बापांनी सांगितलेलं. महिन्याचे चार दिवस जी भाजीत मीठ घालत नाही ती खडकाला हात कसा लावते, असं मागून कोणीतरी पुटपुटलं.

मी पत्र वाचलं. आडनाव जेरे, म्हणजे न्गोनी जमातीची. आणि मी बेम्बा. माझ्या जिवात जीव आला.

बेम्बा आणि न्गोनी यांच्या पणजोबांनी एकमेकांची मुंडकी उडवली. मग दोघेही दमले आणि ठरलं की यापुढे फक्त तोंड चालवायचं. तेव्हापासून आम्ही चेष्टेचे सोयरे. न्गोनी भेटला की आम्ही त्याला उंदीरखाऊ म्हणायचं, त्याने आम्हाला माकडखाऊ म्हणायचं. लग्नात म्हणायचं, मयतीत तर जास्तच म्हणायचं. रागवायची सोय नाही. रागावला तो हरला, त्याने कोंबडी द्यायची.

तेव्हा मी साठ जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "या, या, न्गोनी बाई. खाली उंदीर पुष्कळ आहेत, पण ते बेम्बांच्या मालकीचे. न्गोनी इथे पाहुणी." आणि कोपऱ्यातला एक पांढरा बिल्ला काढून तिच्या गळ्यात घातला.

रांग फुटली. साठ पुरुष पोट धरधरून हसले. तिने बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाहुणीला जेवायला घालतात, शिकुलू," ती म्हणाली. "पण माकड नको. मला कोंबडी चालेल."

हशा दुप्पट झाला. त्या हशातच ती पिंजऱ्यात शिरली, आणि कोणी तिला अडवलं नाही. मी तिला त्या सकाळी वाचवलं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही एखाद्या दिवशी वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती आली, मी पुन्हा पांढरा बिल्ला दिला, तिने पुन्हा माझ्या पूर्वजांचा आणि माकडांचा संबंध काढला. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे ती आमची सकाळची प्रार्थनाच झाली. लोक पाच मिनिटं लवकर यायला लागले, आज न्गोनी काय म्हणते आणि म्हातारा काय म्हणतो ते ऐकायला. महिन्याभराने तिने हळूच विचारलं की मला माझा नंबर कधी मिळणार. मी फळा दाखवला. सहाशे खिळे, सहाशे नावं, एकही मोकळा नाही. कोणी निवृत्त झाला की तुझाच, असं म्हणालो. ती म्हणाली, "बेम्बाचा शब्द आहे, म्हणजे लिहून घ्यायला हवा." आम्ही दोघेही हसलो. लिहून काही घेतलं नाही.

तिचा कान कसा होता ते सांगतो, आणि हे मात्र तुम्ही खोटं समजाल. बोगद्याचं छत तपासायला लांब पहारीने ठोकतात. खडक घट्ट असेल तर घंटेसारखा वाजतो, सुटलेला असेल तर ढोलासारखा. हे सगळ्यांनाच येतं. तिला न ठोकता यायचं. छताखाली उभी राहायची, दिवा विझवायची, आणि डोकं असं तिरकं करायची, पलीकडच्या खोलीत मूल रडतंय का बघणाऱ्या बाईसारखी. एकदा आठशे ऐंशीच्या लेव्हलला तिने अकरा माणसांना हातातली कामं टाकून बाहेर काढलं. शेवटचा बाहेर आला तो टोपी राहिली म्हणून परत वळत होता; तिने त्याला पट्ट्याला धरून ओढलं. मग छत खाली आलं. इतकी धूळ झाली की वर सूर्य तीन दिवस तपकिरी दिसला.

"चार दिवस," लोम्बे म्हणाला.

अपघाताच्या कागदावर मात्र लिहिलं गेलं की माणसं कॅप्टन सियामे यांच्या सावधगिरीमुळे वाचली. सियामे त्या भागाचा कॅप्टन, म्हणजे तिथल्या खालच्या कामाचा मुख्य; उंच, गोड बोलणारा, दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर. तो त्या दिवशी वर चहा पीत होता. पण काम थांबवण्याचा हुकूम कॅप्टनच देऊ शकतो, पाहुणी देऊ शकत नाही, तेव्हा कागदाला दुसरं काय लिहिता येणार होतं? त्या संध्याकाळी ती बिल्ला परत करायला आली तेव्हा तिने पहिल्यांदा मला सांगितलं की तिला कॅप्टन व्हायचंय. एका भागाची कॅप्टन. आपण माणसं बाहेर काढली तर कागदावर आपलंच नाव असावं, आणि ती माणसं बाहेर काढण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागू नये, एवढंच. त्यासाठी सर्टिफिकेट लागतं. आणि सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला खाली केलेल्या एक हजार शिफ्ट लागतात.

"मग बसून मोज," मी म्हणालो. "उंदीर मोजता तसं."

"मोजतेच आहे," ती म्हणाली. ओव्हरऑलच्या खिशात तिची एक डायरी असायची.

एक हजार शिफ्ट म्हणजे काय, ते बाकीच्यांना माहीत आहे. तिच्यासाठी त्यात आणखी एक गोष्ट होती. खाली बाईसाठी संडास नव्हता. पुरुष कुठेही भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. तिने अर्ज केले, उत्तर आलं की एका बाईसाठी संडास बांधणं परवडत नाही, बायका वाढल्या की बघू. मग ती पहाटे चार वाजल्यापासून पाणी पीत नसे. खाली चाळीस डिग्री, आठ तास, पाण्याचा थेंब नाही. वर आली की बा ना म्विला तिच्यासाठी दोन पेले भरून ठेवायची. पहिला ती उभ्यानेच प्यायची, दुसरा भिंतीला टेकून, आणि मधे कोणी तिच्याशी बोलत नसे. दोनदा तिला मूत्रपिंडाच्या दुखण्याने दवाखान्यात ठेवलं. त्या दिवसांच्या शिफ्ट बुडाल्या म्हणून ती तिथे चिडून पडून असायची.

माझी एक सवय आता सांगायला हवी. पाहुण्यांच्या वहीचा कागद पातळ होता, कांद्याच्या सालीसारखा. तंबाखू गुंडाळायला त्याच्यासारखा कागद कॉपरबेल्टमध्ये, तांब्याच्या या अख्ख्या पट्ट्यात नव्हता. महिना संपला की मी वही फाडायचो आणि पुढचा महिनाभर ओढायचो. मंत्री ओढले, बँकवाले ओढले. बँकवाल्यांना चव नव्हती. आणि प्रत्येक पानावर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकच नाव असायचं: जेरे, जेरे, जेरे. मला ते दिसायचं, दिसत नव्हतं असं नाही. पण रोज दिसणारं नाव माणूस वाचत नाही. मी सहा वर्षं तिच्या शिफ्ट ओढल्या, आणि धूर चांगला होता.

"छे," लोम्बे म्हणाला. "एवढी वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नाही? हे काही पटत नाही, शिकुलू."

मी त्याला म्हणालो की उंदरांची रांग पटली, तपकिरी सूर्यात तू एक दिवस वाढवून दिलास, आणि हे पटत नाही? मग त्याने माझ्याकडे तंबाखू मागितली आणि मी सांगत राहिलो.

नंबर मिळायची वेळ एकदा आली होती. पाचव्या वर्षी म्हातारा लुकोन्दे गेला आणि दोनशे बाराचा खिळा मोकळा झाला. मी तो बिल्ला पुसून तिच्यासाठी बाजूला ठेवला होता, देवाशप्पथ. पण मेलेल्याचा खिळा बाईला दिला तर म्हाताऱ्याचा आत्मा लेव्हलला फिरेल, असं लोक म्हणायला लागले. दोन दिवसांनी सियामे आला. म्हणाला, माझा पुतण्या सोमवारपासून लागतोय. त्याने बिल्ला मागितलासुद्धा नाही, नुसता हात पुढे केला. पुतण्याच्या गळ्यात दोनशे बारा बघून तिने मला विचारलं नाही. त्या सकाळी तिने मला फक्त माकडखाऊ म्हटलं. नेहमीपेक्षा हळू म्हटलं.

सहावं वर्ष संपताना तिच्या डायरीत चौदाशे बारा शिफ्ट झाल्या होत्या. तिने परीक्षेचा अर्ज भरला. शहरातल्या निरीक्षकांनी खाणीकडून शिफ्टचा उतारा मागवला. खाणीच्या कारकुनाने मोठी वही उघडली, जेरे हे नाव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं, आणि जे सापडलं ते प्रामाणिकपणे लिहून पाठवलं.

ती दुपारच्या वेळी आली, शिफ्ट बदलायच्या आधी, खिडकीशी कोणी नसताना. पत्र काचेखालून सरकवलं. मी चष्मा लावला. अर्जदाराच्या नावे खाली केलेल्या शिफ्ट: शून्य. अर्ज नामंजूर. मी ते तीनदा वाचलं, आणि माझ्या तोंडाला सहा वर्षांची सवय होती, तर मी म्हणालो, "अगं न्गोनी बाई, शून्य म्हणजे गोल असतं. उंदराच्या बिळासारखं. तुला आवडायला हवं."

ती हसली नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा न हसणारा न्गोनी पाहिला.

"शिकुलू," ती म्हणाली, "आज मी न्गोनी नाही आणि तुम्ही बेम्बा नाही. कोंबडी हवी तर उद्या देते. आज मला सरळ सांगा. मी खाली जात होते की नव्हते?"

"जात होतीस, मायो." मायो म्हणजे आई. मी तिला तसं कधी म्हटलं नव्हतं.

"मग हे त्यांना सांगा."

तिने सगळं शोधून काढलं होतं. वही हरवली किंवा नष्ट झाली, तर फळा सांभाळणाऱ्याने स्वतः निरीक्षकांपुढे उभं राहून शपथेवर सांगितलं तरी शिफ्ट धरतात. त्याने एवढंच सांगायचं की ही बाई अमुक साली अमुक तारखेपासून रोज माझ्या खिडकीवरून खाली गेली, मी तिला चुकीचा बिल्ला दिला, आणि त्या वहीचं मी काय केलं. तारीख गुरुवारची मिळाली होती. त्यानंतर जुने अर्ज कायमचे बंद होणार होते. दुसरी तारीख नव्हती, दुसरा साक्षीदारही नव्हता. बोलून ती थांबली. तिचा हात खिडकीच्या कट्ट्यावर होता, नखांत तांब्याचा हिरवा. मी म्हणालो, येतो. सकाळी सातची बस. तिने मान हलवली आणि पाणी न पिता गेली.

बुधवारी कॅप्टन सियामे खिडकीशी आला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. निवृत्तीला किती राहिले विचारलं. मी म्हणालो, सात महिने. तो म्हणाला, सात महिने म्हणजे काहीच नाही, सांभाळून घालवा, या वयात माणूस आपल्याच तोंडाने नोकरी घालवून बसतो. मग त्याने मला चांगली सिगारेट दिली आणि गेला.

गुरुवारी पहाटे मी माझा मयतीचा कोट घातला.

इथे मी खोका तोंडाला लावला आणि सगळे थांबलेले बघून मला बरं वाटलं. लोम्बेने हातातला पाना खाली ठेवला होता.

बस स्टँडवर ती उभी होती, एकटीच. मी तिच्याशेजारी बसलो. अर्ध्या वाटेत नदीपाशी बस थांबली, कारण एक मगर रस्ता ओलांडत होती. आता मगरी मी पाहिल्यात, पण ही इतकी लांब की डोकं पलीकडच्या उसात गेलं तरी शेपटी यायची होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बायकांनी चुली मांडल्या, मक्याच्या पिठाचा न्शिमा शिजवला, वाळक्या माशांचं कालवण केलं, आम्ही जेवलो, भांडी नदीत घासली, आणि तेव्हा कुठे शेपटीचं टोक रस्त्यावरून गेलं. एवढं होऊनही मी तिला वेळेवर पोचवलं.

"कुठल्या नदीपाशी?" लोम्बेने विचारलं. "मी तिथून सायकलीने जातो." मी त्याला म्हणालो, संध्याकाळी जाऊ नकोस.

निरीक्षक तीन होते. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि दोन तास बोललो. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. पांढरा बिल्ला सांगितला. दोनशे बारा सांगितला, सियामेचा पुतण्या सांगितला. आठशे ऐंशीची अकरा माणसं एकेकाच्या नावाने सांगितली. शेवटी तंबाखू सांगितली. खिशातून अर्धी ओढलेली विडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, साहेब, उलगडून बघा, यात तिचा मागच्या महिन्याचा मंगळवार आहे. मधला निरीक्षक रडला. डावीकडच्याने त्याला रुमाल दिला, मग स्वतःच रडला. टायपिस्ट बाईने मशीनवर डोकं टेकलं. पण नियम तो नियम. त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, हात जोडले आणि म्हणाले, आजोबा, तुमच्यासारखा साक्षीदार आम्ही पाहिला नाही, पण शून्याचं आम्ही काही करू शकत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तिला वर ठेवलं. पत्र्याच्या खोलीत बसून ती सुरक्षिततेचे फलक लिहायची: टोपी घाला, पायाकडे बघा. मार्चमध्ये महिला दिनाला कंपनीने तिला उसना दिवा लावून शाफ्टच्या तोंडाशी उभं केलं आणि तो फोटो कॅलेंडरवर छापला. तो अजून आत काउंटरच्या मागे लटकलाय, महिने संपले तरी कोणी काढला नाही. मग नंबर सहा बंद झाला, खालचे पंप थांबले, आणि तळापासून पाणी चढत आलं. आठशे ऐंशी आता पाण्यात आहे. ती दुसऱ्या प्रांतातल्या एका खाणीच्या गेटवर आलेल्यांना टोप्या वाटते, असं कोणीतरी म्हणालं. तिथे खाली जायला तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी जुन्या खाणीचा उतारा मागितला.

पण मला त्या गुरुवारचं आठवतं ते वेगळंच. कचेरीतून बाहेर पडलो. ती पायरीवर थांबली, माझे दोन्ही हात धरले, आणि इतक्या दिवसांनी हसून म्हणाली, शिकुलू, सर्टिफिकेट गेलं तर गेलं. तुम्ही आलात, एवढं मला पुरे.

लोम्बेने नाक पुसलं. मी दात काढून ठेवण्याबद्दल काहीतरी बोलणार होतो.

बा ना म्विलाने शेंगांची पाटी मांडीवरून खाली ठेवली.

"मगरीचं मला ठाऊक नाही, शिकुलू," ती म्हणाली. "असेल मोठी. त्या गुरुवारसाठी मी तुम्हाला सांगितलं होतं की म्विलाला ताप आहे, रजा द्या. ताप नव्हता. जेरेबरोबर मी गेले होते. आम्ही स्टँडवर तीन बस सोडल्या. मग साहेबांच्या खोलीबाहेर पाच वाजेपर्यंत बसलो, आणि बाहेरचं दार वाजलं की ती दर वेळी उठून उभी राहायची. तुम्ही आला नव्हतात."